आपांची मुखत्यारी

कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की आपा आधी नळ उघडायच्या. आजाऱ्याला भेटायला गेलेल्या असोत, लग्नाची पत्रिका द्यायला की नुसत्या बसायला. चपला काढायच्या, सलाम-नमस्कार व्हायचा आणि त्या सरळ मोरीकडे. धार बोटांवर घ्यायची, पाण्याचा वास घ्यायचा, नळ घट्ट बंद करायचा आणि मग घरातल्या माणसांची विचारपूस. "पाणी ठीक तं माणसं ठीक," असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळत होता. त्यांनी आधी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वकीलबाई, दुसऱ्याइची भांडणं मिटवते अन् घरचा नळ रडून राहिला."

अमरावतीत आमच्या गल्लीत त्या माझ्या समोरच राहायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण गल्लीत ते कोणी वापरतच नव्हतं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या आपा. त्यांची सगळी नोकरी अकोल्याला उर्दू शाळेत शिकवण्यात झाली. नवरा मूळ अचलपूरचा, सरकारी बांधकाम खात्यात होता. निवृत्त झाल्यावर त्यानं अमरावतीत हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत तो वारला. एकुलती एक मुलगी बऱ्हाणपूरला दिलेली. घरात आपा एकट्या. पण त्यांच्या घरातून सतत बोलण्याचा आवाज यायचा, कारण खिडकीतून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब घ्यायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी खिडकी असेल. ती उघडी आहे तोवर आपण कुठे चाललो हे कोणालातरी ठाऊक असतं, याचं मोल ती बंद झाल्यावर कळतं.

एका दुपारी त्या एक जाड लिफाफा घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. लिफाफा न्यूझीलंडहून आला होता. आत मराठी-इंग्रजी कागद, तिथल्या भारतीय वकिलातीचे शिक्के, आणि मिलिंद नावाच्या माणसाची सही.

"हे वाच," आपा म्हणाल्या. "अन् मले सांग, ह्याच्यात मी कोण आहे?"

मी वाचून सांगितलं की हे मुखत्यारपत्र आहे. मिलिंदला अकोल्यात घर घ्यायचं आहे आणि तो तिकडून येऊ शकत नाही, म्हणून घर पाहणं, ठरवणं आणि खरेदीखतावर सही करणं, एवढं त्यानं तुमच्यावर सोपवलं आहे. तुम्ही त्याच्या मुखत्यार.

आपा हसल्या ते किती तरी वेळ. पदराच्या टोकानं डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न झालं तवापासून मले कोणी मुखत्यार म्हटलं नाई, बाई. ह्या पोट्ट्यानं म्हटलं."

मग मिलिंद कोण हे त्यांनी सांगितलं. अकोल्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांच्या शेजारी मिलिंदचे आईवडील राहायचे. वडील त्याच खात्यात कारकून, आई दवाखान्यात नर्स. मूळ गाव बार्शीटाकळीकडे. दोन क्वार्टरमध्ये मिळून एकच नळ होता आणि ओळख झाली ती त्या नळावरच्या भांडणातून. आठवडाभर दोन्ही बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस मिलिंदच्या आईची रात्रपाळी होती, पाणी अवेळी आलं, आणि आपांनी आपल्या हंड्यांसोबत तिचेही हंडे भरून ठेवले. सकाळी ती आली, भरलेले हंडे पाहिले, आणि काही न बोलता लहानग्या मिलिंदला आपांच्या ओट्यावर बसवून झोपायला गेली. "ते लेकरू मंग उठलंच नाई माह्या ओट्यावरून," आपा म्हणायच्या. शाळा, कॉलेज, नोकरी, परदेश सगळं झालं. आईवडील गेले. पण दर रविवारी फोन आपांना.

मी विचारलं, बार्शीटाकळीला त्याचे कोणी चुलतभाऊ वगैरे असतील ना? मग त्यांच्या नावानं का नाही पाठवलं? आपांनी तिथूनच मिलिंदला फोन लावून मला दिला. तो जरा लाजत बोलला. चुलतभाऊ फार चांगले आहेत म्हणाला, पण ते माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. "मला नाही म्हणणारं माणूस पाहिजे होतं, मॅडम. ते माझ्याकडे एकच उरलंय."

मी आपांना नीट समजावून सांगितलं की तुमची सही ही मिलिंदची सही समजली जाईल. तुम्ही जे कराल ते त्यानं केलं असं होईल. घर घेण्यापुरताच अधिकार आहे, विकण्याचा नाही, गहाण टाकण्याचा नाही. आपा एकाग्र होऊन ऐकत होत्या.

"म्हणजे हात माहा, पण समजायचा त्याचा."

"बरोबर."

"मंग हात साफ ठेवा लागते," त्या म्हणाल्या आणि लिफाफा पिशवीत घातला.

त्यानंतर आमच्या अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला कोर्टाच्या कामासाठी अकोल्याला जावंच लागायचं, आपा बरोबर निघायच्या. एसटीत खिडकीची जागा त्यांची. मूर्तिजापूरला गाडी थांबली की फुटाणे घ्यायच्या आणि अख्ख्या गाडीत वाटायच्या, ड्रायव्हरपासून सुरुवात करून. "त्याचं पोट भरलं असलं तं आपन नीट पोचतो," हे कारण.

घर दाखवणारा दलाल बिचारा सकाळच्या वेळा द्यायचा. आपा त्या नाकारायच्या. उन्हाळा ऐन भरात, अकोल्याचं ऊन म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको, आणि ह्यांना घर पाहायचं ते भर दुपारी. "सकाळी तं हर घर चांगलं दिसते. दुपारी घर खरं बोलते." दलाल डोक्याला पंचा गुंडाळून दारातच उभा राहायचा. आपा आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. एक घर त्यांनी भिंतीच्या तापावरून सोडलं. एक सोडलं ते स्वयंपाकघराला खिडकी नव्हती म्हणून. "सुषमा इतक्या दुरून येईल अन् अंधारात भाकरी थापील काय?" सुषमा म्हणजे मिलिंदची बायको. तिनं वीसेक वर्षांत भाकरी थापली नसावी, पण ते आपांना कोण सांगणार?

तिसऱ्या एका घराला सगळं होतं. पाणी, खिडक्या, थंड भिंती. दलालाला वाटलं, झालं काम. आपा बाहेर आल्या, शेजारच्या दोन्ही घरांत जाऊन बसून आल्या आणि नाही म्हणाल्या. एका बाजूचे दुसऱ्या बाजूशी बोलत नव्हते. "मधात राहणाऱ्याचं मरण होते," एवढंच बोलल्या. दलालानं माझ्याकडे पाहून हात जोडले.

प्रत्येक घर मिलिंदला व्हिडिओवर दाखवायचं असं ठरलेलं. आपा व्हिडिओ लावायच्या आणि फोन कानाला धरायच्या. त्यामुळे हजारो मैलांवर बसलेल्या त्या कुटुंबाला घर कधी दिसलंच नाही. आपांचा कान, कानातली बाळी आणि मागे फिरणारा पंखा, एवढंच. मिलिंदची मुलगी मैत्री तिकडून ओरडायची की आपा, कान दिसतोय. तिचा जन्म तिकडचा. मराठी तिला समजायचं पण बोलता येत नव्हतं. आपांनी तिला एकदा स्पष्ट सांगितलं, "तुले मराठी येत नाई, मले विंग्रजी येत नाई. दोघीतून एकीनं शिकलं पायजे. मी तं म्हातारी झाली." पोरगी शिकायला लागली. घर पाहण्याच्या त्या फोनांतून, फक्त आपांकडून. काही आठवड्यांनी ती तिकडे आईला "का"च्या जागी "काहून" म्हणायला लागली. सुषमानं हसत-हसत तक्रार केली. आपांना ती तक्रार फार आवडली.

शेवटी घर मिळालं. एका निवृत्त पोस्टमास्तरांचं, छोटंसं, मागे अंगण, अंगणात कढीपत्त्याचं झाड. काका-काकूंना नागपूरला मुलाकडे जायचं होतं. आपांनी नळ पाहिला, भिंत पाहिली, दोन्हीकडचे शेजार पाहिले. मग त्या मागच्या अंगणात जाऊन बसल्या आणि उठेचनात. काकूंनी चहा दिला. थोड्या वेळानं काकूंनीच फोन हातात घेऊन नीट धरला आणि मिलिंदला पहिल्यांदा एक अख्खं घर दिसलं. त्यानं झाड पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. मग म्हणाला, "आपा, तुम्हाला आवडलं?"

"मले आवडून काय होते? राहायचं तुले."

"तरी सांगा ना."

आपांनी अंगणाकडे पाहिलं. "आवडलं," त्या म्हणाल्या. "तुही माय असती तं इथंच बसली असती."

इसार देऊन सौद्याचा करार केला, कागद तपासले, मुखत्यारपत्रावर इथला मुद्रांक लावून घेतला, आणि खरेदीचा दिवस ठरला. सकाळच्या गाडीनं मी आणि आपा निघालो. त्यांनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. खिडकीशी बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मूर्तिजापूरला फुटाणेवाला खिडकीशी आला, ओळखीचा, तरी त्यांनी मान हलवली. मला वाटलं, धास्ती असेल. मोठी सही करायची म्हणून पट्टीचे व्यापारीही त्या दिवशी गप्प होतात, हे मी रोज पाहते. मी त्यांना धीर द्यायला म्हणाले की काही नसतं, दहा-पंधरा सह्या आणि अंगठे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अकोला येईपर्यंत सोडला नाही.

रजिस्ट्री ऑफिसात गर्दी होती. काका-काकू लवकर येऊन बाकावर बसलेले, काकूंनी डब्यातून अनारसे आणले होते. दलाल खुशीत होता. आमचा नंबर यायच्या आधी मी कागद एकेक करून आपांसमोर ठेवू लागले. त्यांना मराठी बोलता यायचं पण वाचायला वेळ लागायचा, म्हणून प्रत्येक कागद मी वाचून दाखवायचा असा आमचा पहिल्यापासूनचा रिवाज. खरेदीखत वाचलं. त्या मान हलवत होत्या. मग मुखत्यारानं द्यायचं घोषणापत्र आलं. ते प्रत्येक मुखत्याराला द्यावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते वाचत कोणी नाही. मी वाचलं की मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, आणि ते लिहून देणारी व्यक्ती आज रोजी हयात आहे.

"पुन्हा वाच," आपा म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. पेन त्यांच्या हातात होतं, ते माझ्या हातात दिलं.

"हे मले लिहून देता येत नाई, वकीलबाई. मिलिंद पहाटे गेला."

मला आधी कळलंच नाही. कुठे गेला, असं मी विचारलं असावं. आपा अगदी सपाट आवाजात बोलत राहिल्या. पहाटे सुषमाचा फोन आला. तिकडे दिवस वर आला होता. कामावर जायला निघाला, गाडीत बसला आणि तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. सुषमा रडत-रडत एकच म्हणत होती, की आपा, आज सही करून टाका. त्याचं घर होऊन जाऊ द्या. त्याची तेवढीच इच्छा होती. मग सगळ्यांना सांगू.

"मी सही करायलेच आली होती," आपा म्हणाल्या. "रस्ताभर मनाले हेच सांगत आली. आधी त्याचं घर, मंग रडू. पण हे असं लिहिलं असते हे मले माहीत नोतं. तो हाय, असं मी माह्या हातानं लिहून देऊ?"

दलाल खाली वाकला. वाईट माणूस नव्हता तो. हळू आवाजात म्हणाला, "आपा, कागदच आहे. हजारो कोसांवरची गोष्ट, इथं कोणाले माहीत हाय?"

"मले," आपा म्हणाल्या.

मग मी माझं काम केलं. कायदा सांगितला. माणूस गेला की त्यानं दिलेली मुखत्यारी त्याच क्षणी संपते, त्यानंतरच्या सहीला अर्थ नसतो, घर सुषमाच्या हाती येण्याऐवजी कोर्टात अडकलं असतं. सगळं खरं होतं. पण आपांनी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचा निर्णय कायद्याच्या आधीच झाला होता.

पोस्टमास्तर काका उठले. मला वाटलं ते इसाराचं काही विचारतील. त्यांनी आपांची पिशवी उचलली आणि म्हणाले, "आधी घरी चला."

आम्ही सगळे त्या घरी गेलो. आपा मागच्या अंगणात पायरीवर बसल्या, काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि तेव्हा त्या रडल्या. आपांना एवढ्या मोठ्यानं रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली. काकूंनी जे उत्तर दिलं ते माझ्या कानात अजून आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या घराचे मालक गेले."

संध्याकाळी सुषमाचा फोन आला. सही झाली नाही हे कळल्यावर ती तोंडाला येईल ते बोलली. एका सहीनं काय बिघडलं असतं? माझ्या नवऱ्याची शेवटची गोष्ट तुमच्या हातात होती आणि तुम्ही ती सोडून दिलीत. मी शेजारी बसले होते, फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. आपांचं "होय बेटा," एवढंच अधूनमधून. मी फोन मागितला, त्यांनी दिला नाही. नंतर म्हणाल्या, "आज तिचा दिवस आहे. तिले बोलू दे. कायद्याचं तू मंग सांग."

मी नंतर सगळं ईमेलनं लिहून पाठवलं. मिलिंदचा करार त्याच्याबरोबर बुडत नाही, पत्नी आणि मुलगी वारस म्हणून तो पुढे नेऊ शकतात, हेही लिहिलं. उत्तर आलं नाही. रविवार यायचे आणि जायचे. आपा खिडकीत बसायच्या, फोन चार्जिंगला लावलेला, खिडकीच्या कट्ट्यावरच. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी त्या अजून करायच्या, पण उत्तर येईपर्यंत थांबायच्या नाहीत. मैत्रीचाही फोन नाही. आईला दुखवून कसा करणार?

आणि अकोल्याच्या काका-काकूंनी काय केलं ते सांगायला हवं. नागपूरच्या मुलाचा तगादा होता. दुसरं गिऱ्हाईक दारात होतं, जास्त द्यायला तयार. काका मला फोनवर म्हणाले की आम्ही थोडे दिवस थांबतो. किती दिवस, मी विचारलं. म्हणाले, त्या बाईंचं रडणं आमच्या अंगणात झालंय, आता ते घर दुसऱ्याला द्यायला हिच्या जिवावर येतं. ही म्हणजे काकू. माझा समज असा की त्यांच्याही जिवावर येत होतं.

पावसाळा संपता संपता सुषमाचा फोन आला. मला नाही, आपांना. आपा चपला न घालता रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या आणि पायरीवरच बसल्या. सुषमाला तिकडे मिलिंदच्या नावाच्या सगळ्या गोष्टी निस्तरायला वकिलाकडे जावं लागलं होतं. बँक, गाडी, घराचा भाडेकरार. त्या वकिलानंही तेच सांगितलं होतं, की त्याच्या नावानं त्या सकाळनंतर झालेली कोणतीही सही चालणार नाही. पण फोन तिनं त्यासाठी केला नव्हता. ती आपांना म्हणाली होती, की त्या दिवशी मी तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं आणि वरून रागावले, आणि तुम्ही मला उलट एक शब्द बोलला नाहीत. मग दोघी रडल्या.

"अन् आता म्हणते, माहा मुखत्यार व्हा," आपा म्हणाल्या. "तिचा अन् मैत्रीचा. दोघीचा."

"मग?"

"मंग काय. हात अजून साफ आहे."

नवा लिफाफा आला. पुन्हा तीच गाडी, तेच ऑफिस, तोच बाक. काकूंनी ह्या वेळी अनारसे आणले नव्हते, आणायला धजावल्या नाहीत. घोषणापत्र समोर आलं. मी वाचलं, लिहून देणाऱ्या दोन्ही व्यक्ती आज रोजी हयात आहेत. आपांनी हात वर करून मला थांबवलं, पिशवीतून फोन काढला आणि बाहेर व्हरांड्यात गेल्या. मागोमाग मीही गेले. त्यांनी आधी सुषमाला फोन लावला. "काई नाई. आवाज ऐकायचा होता." मग मैत्रीला लावला, तिला कॉलेजातून बाहेर बोलावलं. "बोल. काहीपन बोल." पलीकडून पोरगी काहीतरी बोलत होती, आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मग फोन ठेवून आत आल्या आणि सही केली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, लांब, शेवटी खाली एक ठिपका. रजिस्ट्रीचा कारकून ती सही होईपर्यंत शिक्का हातात धरून थांबला.

हिवाळ्यात मायलेकी आल्या. काका-काकू नागपूरला गेले होते, जाताना घर झाडून, पाण्यानं धुऊन. आपांनी किल्ली सुषमाच्या हातात दिली. सुषमाचं म्हणणं, आपा, तुम्ही इथंच राहा, घर रिकामं कशाला ठेवायचं? मलाही ते पटत होतं. आपांनी नाही म्हटलं. समजावण्याचा सूर नव्हता त्यात, नेहमीसारखं साधं नाही. "मुखत्यार मालकाच्या घरात राहायले लागला तं लोक काय म्हणतील?" वर हसल्या. अमरावतीची खिडकी त्यांना सोडवत नव्हती हे खरं कारण असावं. मैत्रीनं मात्र त्यांना एक रात्र ठेवून घेतलं. दोघी अंगणात गोधडी घेऊन बसल्या, आणि पोरगी तिच्या बापाच्या लहानपणाबद्दल विचारत राहिली, काहून, कवा, मंग काय झालं, असं.

आपा त्यानंतर दीड-दोन वर्षं होत्या. अकोल्याच्या घरी महिन्यातून एकदा जाऊन यायच्या, खिडक्या उघडायच्या, झाडाला पाणी घालायच्या. गेल्या त्या साध्या तापानं, चार दिवसांत. बऱ्हाणपूरहून मुलगी आली. नवऱ्याशेजारी जागा ठेवलेली होती म्हणून अचलपूरला नेलं. आमच्या गल्लीतले सगळे पुरुष गेले, हिंदू, बौद्ध, मुसलमान. आम्ही बायका कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिलो. आता समोर भाडेकरू आहेत. त्यांना एसी आहे, खिडकी ते उघडत नाहीत. मी कुठे जाते हे आता कोणी विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मैत्री एकटी आली. अकोल्याच्या घरी राहिली, आणि एक दिवस मला म्हणाली की आपाकडे जायचं आहे. आम्ही परतवाड्याची बस धरली, तिथून रिक्षानं अचलपूरच्या कब्रस्तानाशी गेलो. फाटकाशी एक म्हातारे राखणदार चिंचेच्या सावलीत बसले होते. बायका आत येत नाहीत, असं त्यांनी आधी सांगितलं. मग आम्ही इतक्या लांबून आलोय म्हटल्यावर कोणाकडे आलात ते विचारलं. मी आपांचं पूर्ण नाव सांगितलं. ते त्यांना माहीत होतं.

त्यांनी मैत्रीकडे पाहिलं. जीन्स, पाठीवर बॅग, उन्हानं लाल झालेला चेहरा.

"आप उनकी कौन लगती?"

मैत्रीनं माझ्याकडे वळून पाहिलं. नात्याचा शब्द शोधत होती. मलाही सुचेना. वकिलीत एवढी वर्षं वारस, कुलमुखत्यार, संबंधित व्यक्ती असले किती शब्द लिहिले, त्यातला एकही तिथं चालणारा नव्हता. मग तीच त्यांच्याकडे वळली.

"शेजारी," ती म्हणाली. "आमी शेजारी हाओत त्याइचे. अकोल्याचे."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, उठले आणि फाटक उघडलं.